ढगात वाट कशी सापडते?

आमचं कळंब गाव पुणे-नाशिक रस्त्यावर, मंचरच्या जरासं पुढे आहे. इथून पश्चिमेकडे बघितलं की सह्याद्रीची रांग दिसते. पण श्रावण-भाद्रपदात ढग खाली उतरले की डोंगर पार गायब! अशा वेळी घाटात एसटीचा ड्रायव्हर काय करतो? दिवे लावतो, गाडी हळू चालवतो आणि अगदीच दिसेनासं झालं तर कडेला घेऊन थांबवतो. विमानाच्या पायलटला मात्र थांबता येत नाही. आकाशात कडच नसते! आणि वेग फार कमी केला तर विमान हवेत टिकतच नाही. मग ढगात शिरलेलं विमान तो चालवतो तरी कसं?

खिडकीबाहेर न बघता, समोरची उपकरणं बघून! उंचीमापक सांगतो विमान किती उंचीवर आहे. वेगमापक वेग सांगतो. होकायंत्र दिशा दाखवतं. आणि सगळ्यात गंमतीचं ते 'कृत्रिम क्षितिज'. एका छोट्याशा तबकडीत वर निळं आकाश, खाली तपकिरी जमीन आणि मध्ये एक रेघ. बाहेर काळोख असो की दाट ढग, विमान डावीकडे कललंय, उजवीकडे कललंय की नाक वर आहे, हे ती रेघ दाखवते. पायलटची नजर कुठल्याही एका तबकडीवर खिळून राहता कामा नये. ती सारखी फिरती हवी. कृत्रिम क्षितिज, मग उंची, पुन्हा क्षितिज, मग दिशा, पुन्हा क्षितिज, मग वेग. हीच सवय लागायला पायलटला कित्येक तास सराव करावा लागतो.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, विमान कललं तर पायलटला आपोआप कळणार नाही का? सायकल कलली की आम्हाला कळतं की!"

याचं उत्तर आमच्या चौथीच्या वर्गाने एका फिरत्या खुर्चीवर शोधलं. तुम्हीही करून बघा, पण घरातल्या मोठ्यांना जवळ उभं करून बरं का! एकाने खुर्चीत बसून डोळे घट्ट मिटायचे. दुसऱ्याने खुर्ची सावकाश, एकाच गतीने फिरवत राहायची. बसलेल्याने आपण ज्या बाजूला फिरतोय ती बाजू बोटाने दाखवायची. थोड्या वेळाने त्याला वाटायला लागतं, की खुर्ची मंदावली. मग खुर्ची थांबवा. आता तो खुशाल उलटी बाजू दाखवतो! खुर्ची तर जागच्या जागी असते. आमच्या वर्गात हसून हसून पुरेवाट झाली.

असं होतं, कारण आपल्या कानाच्या आत तीन अर्धगोल नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. डोकं फिरलं की द्रव मागे राहतो आणि मेंदूला फिरल्याची बातमी पोचते. पण बराच वेळ एकाच गतीने फिरत राहिलं, की द्रवही सोबत फिरू लागतो आणि बातमी थांबते. डोळे उघडे असले तर ते कानाची चूक सुधारतात. ढगात डोळ्यांना बाहेर काहीच दिसत नाही. म्हणून पायलटला पहिला धडा मिळतो तो हा, की तुझ्या अंगाला काय वाटतंय ते सोड, उपकरणं काय सांगतात ते बघ.

पण विमान सरळ राखता आलं म्हणजे सगळं आलं, असं नाही. आपण नेमके कुठे आहोत, हेही ठाऊक हवं. याची फार दुःखद आठवण आमच्या शेजारच्या जुन्नरच्या डोंगरात आहे.

७ जुलै १९६२. मध्यरात्र नुकतीच उलटलेली. इटलीच्या अलितालिया कंपनीचं डीसी-८ जातीचं जेट विमान सिडनीहून रोमला निघालं होतं. बँकॉक सोडून ते मुंबईकडे येत होतं. विमानात ९४ माणसं होती. भर पावसाळ्याचे दिवस, रात्रीचा अंधार. मुंबई जवळ आली, असं पायलटला वाटलं आणि त्याने विमान खाली आणलं. प्रत्यक्षात मुंबई अजून सुमारे ८४ किलोमीटर दूर होती आणि खाली सह्याद्री होता! जुन्नरजवळ, साधारण ३६०० फूट उंचीवर विमान डोंगरावर आदळलं. ९४ पैकी कोणीही वाचलं नाही.

चौकशीत काय निघालं? पायलटने आपण कुठे आहोत याचा अंदाज चुकवला आणि वेळेआधीच विमान उतरवायला घेतलं. आपली जागा तपासायला जमिनीवरच्या रेडिओ यंत्रणांची मदत घेता आली असती, ती घेतली नाही. ज्या उंचीच्या खाली उतरायचं नाही असं ठरलेलं होतं, ती ओलांडली. शिवाय या वाटेवरचे डोंगर त्याच्या परिचयाचे नव्हते. जेट विमानाला ८४ किलोमीटर म्हणजे जेमतेम दहा मिनिटांची वाट! एवढ्याशा फरकाने मैदान की डोंगर, हे ठरलं.

आणि उपकरणच चुकलं तर? तसंही झालंय. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे जंबो जेट मुंबईहून दुबईला निघालं. खाली काळा समुद्र, वर काळं आकाश. कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज बिघडलं आणि विमान सरळ असताना उजवीकडे कललंय असं दाखवू लागलं. कॅप्टनने ते डावीकडे वळवलं, आणखी वळवलं. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. विमानात दुसरी क्षितिज-उपकरणंही होती. म्हणूनच नजर फिरती ठेवायची. एक तबकडी जे सांगते, ते दुसरीला विचारून घ्यायचं.

आता विमानात जमीन फार जवळ आली तर "पुल अप! पुल अप!", म्हणजे 'वर घ्या', असं ओरडणारं यंत्र असतं. १९६२ साली ते नव्हतं. पण यंत्र ओरडेपर्यंत वेळ येऊ नये, म्हणून बरंच काही जमिनीवरच ठरवतात. हवा बिघडली तर दुसऱ्या कुठल्या विमानतळावर जायचं? तिथवर पुरून वर उरेल इतकं इंधन आहे का? आणि किती खाली आल्यावर धावपट्टी दिसलीच पाहिजे? नेहमीच्या उपकरणांच्या साहाय्याने उतरताना ही उंची साधारण २०० फूट असते. तिथे धावपट्टी दिसली नाही, तर "अजून थोडं खाली जाऊन बघू" असं म्हणायचं नाही. विमान पुन्हा वर घ्यायचं.

आईबाबांबरोबर तुम्ही कधी विमानात बसलात आणि उतरता उतरता विमान एकदम वर झेपावलं, तर घाबरू नका. आजूबाजूचे काही प्रवासी घड्याळ बघून कुरकुरतील. कुरकुरू देत.