विश्लेषण : जुलाबांवर काढा की अँटिबायोटिक? आधी जलसंजीवनी!

पावसाळा लागला, नळाला गढूळ पाणी आले, की घरोघरी पोटे बिघडतात. मग कुणी पेरूच्या पानांचा काढा उकळतो, कुणी कुड्याच्या सालीचे चूर्ण देतो, कुणी कुटजारिष्टाची बाटली काढतो. दुसरीकडे औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या आणणारेही तितकेच. ‘झाडपाला’ विरुद्ध ‘इंग्रजी औषध’ हा वाद रंगतो, पण रुग्णाच्या अंगातून निघून गेलेले पाणी कुणी भरून काढायचे, हे दोन्ही बाजू विसरतात. मूल दगावते ते बहुतेकदा या विसरण्यामुळे.

जंतू आतड्यात करतात काय?

‘पोट बिघडले’ हे एक नाव आपण अनेक आजारांना देतो. कॉलराचे आणि ई. कोलायच्या काही प्रकारांचे जंतू आतड्याच्या अस्तराला चिकटून विष सोडतात. त्यामुळे पाणी आणि क्षार भराभर बाहेर पडतात. शिगेला हा जंतू अस्तरातच शिरतो, म्हणून शौचात रक्त आणि आव दिसते. विषमज्वराचा साल्मोनेला आतड्यातून थेट रक्तात जातो. लहान मुलांचे कितीतरी जुलाब तर रोटासारख्या विषाणूंमुळे होतात. या सगळ्यांवर एकच काढा किंवा एकच गोळी कशी चालेल?

काढ्यात खरेच गुण आहे का?

आहे, आणि तो प्रयोगशाळेत दिसलाही आहे. मुंबईच्या ‘फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च’मधील संशोधकांनी पेरूच्या पानांचा काढा तपासला. शिगेला आणि कॉलराच्या जंतूंची वाढ त्याने रोखली. ई. कोलायचे पेशींना चिकटणे आणि विष तयार करणे कमी झाले. मात्र, रोटा विषाणूवर तो निष्प्रभ ठरला.

दारुहळदीत बर्बेरिन हे द्रव्य असते. त्याची चाचणी बांगलादेशात थेट रुग्णांवर झाली आणि तिचे निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. ई. कोलायमुळे जुलाब झालेल्यांना ४०० मिलिग्रॅमची एक मात्रा दिली, तेव्हा ४२ टक्के रुग्णांचे जुलाब २४ तासांत थांबले. ज्यांना ती दिली नाही, त्यांच्यात हे प्रमाण २० टक्के होते. कॉलराच्या रुग्णांना मात्र टेट्रासायक्लिनच्या जोडीला बर्बेरिन देऊन विशेष लाभ झाला नाही.

मग अडते कुठे?

काचेच्या बशीत जंतू मरणे आणि माणूस बरा होणे यांत मोठे अंतर आहे. चाचणीत शुद्ध, मोजलेले द्रव्य होते. घरच्या काढ्यात ते किती उतरले, हे कुणालाच ठाऊक नसते. शिवाय औषधी असतो तो पांढरा कुडा. बाजारात त्याच्या नावाखाली काळ्या कुड्याची सालही मिसळली जाते. आणि ग्रंथात सांगितलेल्या औषधाला परवाना घेताना ते किती प्रभावी आहे याची नवी चाचणी द्यावी लागत नाही. त्यामुळे कुटजारिष्टाने कोणत्या रुग्णाला किती गुण येतो, या साध्या प्रश्नाचे मोजमाप मागेच राहते.

जीव कशाने वाचतो?

मीठ, साखर आणि पाणी यांनी. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत मीठ-ग्लुकोजचे पाणी कालवून नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून तीन-चार टक्क्यांवर आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

जलसंजीवनीची पुडी नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजावे. बाळाचे अंगावरचे दूध थांबवू नये. मुलांना आशा सेविकेच्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्याव्यात, जुलाब थांबले तरी मध्येच सोडू नयेत.

अँटिबायोटिक कधी?

शौचात रक्त, तीव्र कॉलरा किंवा विषमज्वर असेल तेव्हा, आणि तेही डॉक्टर सांगतील तेच. साध्या पातळ जुलाबांना बहुतेक वेळा त्यांची गरज नसते. ऊठसूट घेतल्याने शिगेला आणि विषमज्वराचे जंतू जुन्या गोळ्यांना दाद देईनासे झाले आहेत. उलट, विषमज्वरात काढ्यावर दिवस काढले तर आतड्याला छिद्र पडू शकते. रक्त, चढता ताप, सतत उलट्या, खोल गेलेले डोळे, लघवी कमी होणे, मूल मलूल पडणे, यांपैकी काहीही दिसले तर थेट दवाखाना गाठावा.

काय व्हायला हवे?

आजीच्या बटव्याची टिंगल करून लोक त्याचा वापर सोडणार नाहीत, आणि त्याचा नुसता अभिमान बाळगून रुग्ण बरे होणार नाहीत. आयुर्वेद आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी एकत्र येऊन चाचण्या घ्याव्यात. सर्व रुग्णांना जलसंजीवनी द्यावी, निम्म्यांना सोबत प्रमाणित काढा, आणि निकाल काहीही लागो, तो प्रसिद्ध करावा. प्रत्येक वैद्याने आजपासूनच काढ्याआधी जलसंजीवनीची पुडी हातात ठेवावी.

आणि पाणी? २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिया बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर हा आतड्याचा जंतू सापडला आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. पोट बिघडल्यावर काय घ्यावे हे घराने ठरवावे. नळाला शुद्ध पाणी देणे मात्र महापालिकेचे आणि ग्रामपंचायतीचेच काम आहे.