टोपी नाही, तर खेळ नाही!

मुलांनो, मधल्या सुट्टीची घंटा झाली, सगळे मैदानाकडे धावले आणि बाई तुम्हाला म्हणाल्या, "टोपी आणली नाहीस? मग सावलीत बस," तर? चिडाल ना! ऑस्ट्रेलियातल्या कितीतरी शाळांत मात्र हा नेहमीचाच नियम आहे.

तिथलं ऊन कडक आणि बरेचसे लोक मूळच्या युरोपियनांचे वंशज, गोऱ्या कातडीचे. तिथे दर तिघांपैकी दोघांना आयुष्यात कधी ना कधी त्वचेचा कर्करोग होतो. म्हणून १९८१ साली टीव्हीवर सिड नावाचा सीगल पक्षी नाचत-गात आला. अंगात सदरा घाला, मलम चोपडा, डोक्यावर टोपी ठेवा, एवढंच त्याचं सांगणं. 'स्लिप! स्लॉप! स्लॅप!' ही मोहीम पोराटोरांच्या तोंडी बसली.

उन्हातले अतिनील किरण आपल्याला दिसत नाहीत, पण ते कातडीच्या पेशींमधल्या डीएनएची मोडतोड करतात. पेशी ती दुरुस्तही करतात बरं का! पण वर्षानुवर्षं हेच चाललं, की काही चुका तशाच राहून जातात आणि एखादी पेशी बेबंद वाढत सुटते. ऊन लागतं लहानपणापासून, दुखणं उमटतं म्हातारपणी. कानावर, खालच्या ओठावर, टकलावर, हाताच्या पाठीवर खरखरीत, खपली धरणारा डाग येतो, किंवा महिना उलटला तरी न भरणारी जखम. 'स्क्वेमस सेल' कर्करोग असा दिसतो. लवकर दाखवला तर बहुधा छोट्या शस्त्रक्रियेने बरा होतो.

आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन हे रंगद्रव्य भरपूर असतं, त्यामुळे आपल्याकडे हा रोग पुष्कळ कमी. (गोरं होण्याच्या क्रीमवर पैसे घालवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं!)

पण काही मुलांत हे रंगद्रव्य जन्मतःच नसतं किंवा फार थोडं असतं. केस पांढरट, कातडी गुलाबीसर, उजेडात डोळे मिटतात. हे कोड नव्हे आणि संसर्ग तर नव्हेच. याला अल्बिनिझम म्हणतात. अशांना हा कर्करोग ऐन तरुणपणीही होऊ शकतो. तरी गणवेशाच्या नावाखाली अशा मुलाला अर्ध्या बाह्यांत, बोडक्या डोक्याने पी.टी.ला उन्हात उभं करायचं, हे मला मुळीच पटत नाही. पालकहो, संकोच न करता मुख्याध्यापकांना भेटा. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि रुंद काठाची टोपी यांची परवानगी मागा. त्वचेच्या डॉक्टरांनाही नियमित दाखवत जा.

आणि मुलांनो, असा मित्र तुमच्या वर्गात असेल, तर त्याची नजरही अधू असते. फळ्याजवळचा बाक त्याला द्या. संध्याकाळचा खेळ उन्हं उतरल्यावर मांडा, म्हणजे त्यालाही येता येईल.