माकडहाड दुखतंय? आधी बैठक बघा

खुलताबाद तालुक्यात फिरताना शेतकरी आम्हाला आल्याची कंदकूज आणि मक्यावरची लष्करी अळी विचारतात, तसं पाठकमरेचं दुखणंही सांगतात. आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण माकडहाडाच्या दुखण्याची जी हेळसांड चालली आहे, ती पाहून चार शब्द लिहिणे भाग आहे.

माकडहाड म्हणजे कण्याचं शेवटचं टोक. घसरून बुडावर आपटलं, बाळंतपणात ताण आला किंवा स्प्रिंग गेलेल्या सीटवर बसून दिवसभर रोटाव्हेटर मारला की ते दुखावतं. दुखणं मोठं चमत्कारिक. भद्रा मारुतीला पायी जाता येईल, पण पोचल्यावर खाली टेकता येणार नाही!

बायांना हा त्रास पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतो. आल्याचं बेणं निवडायला, कणसं सोलायला तासन्‌तास जमिनीवर बसतात त्याच. जागा अशी की सांगायची लाज, म्हणून वर्ष-वर्ष अंगावर काढतात. घरधनी ट्रॅक्टरच्या सीटला नवा फोम लावून घेतो आणि कारभारणीच्या बुडाखाली रिकामं पोतं! याला काय म्हणावं?

बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बिगर ऑपरेशनचं जातं, मात्र बैठक बदलली तर. जाड, टणक फोमचा तुकडा घ्या आणि मागच्या कडेला घोड्याच्या नालेसारखी खाच कापा. खाचेवर हाड अधांतरी राहतं. गोल ट्यूबपेक्षा हे बरं. बसताना थोडं पुढं झुकावं, मधूनमधून उठावं, गरम शेक घ्यावा. शौचाला कुंथावं लागलं की कळ वाढते, तेव्हा पाणी आणि पालेभाजी भरपूर हवी. चोळून हाड बसवून घेण्याच्या भानगडीत पडू नये. दर आठवड्याला वेदनाशामक सुई टोचून घेणंही किडनीला आणि पोटाला महागात पडतं. एवढ्यानं भागलं नाही तर फिजिओथेरपी आहे, त्या जागी द्यायचं इंजेक्शन आहे. हाड काढायचं ऑपरेशन क्वचितच लागतं.

एक मात्र ओळखावं. हाडाच्या वर गळू होऊन पू येत असेल, तर तो रोग निराळा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सुमारे 80 हजार सैनिकांना तो झाला, जीपच्या धक्क्यांमुळे झाला असं मानून ‘जीपचा रोग’ हेच नाव पडलं. त्याला सर्जनच लागतो. ताप, वजन घटणं, पायांत बधिरपणा किंवा लघवी अडकणं असेल, तर शेक देत न बसता त्याच दिवशी घाटी रुग्णालय गाठावं.