अनुदानाचा अर्ज आधी शेतात लिहावा

सरकारी अनुदान म्हणजे निव्वळ नशिबाचा किंवा ओळखीचा खेळ, असा समज पुष्कळ गावांतून आढळतो. हा समज घातक आहे. कारण त्यामुळे अर्जाचा विचारच कोणी करीत नाही. शेजाऱ्याच्या अर्जातील आकडे उतरवून घेतले जातात, आणि पुढे तपासणीत कागद एक सांगतो व शेत दुसरेच सांगते.

ठिबक सिंचनाचे उदाहरण घ्यावे. केंद्राच्या योजनेत लहान व सीमान्त शेतकऱ्यांस ५५ टक्के व इतरांस ४५ टक्के अनुदान आहे; महाराष्ट्रात राज्याच्या पूरक अनुदानामुळे ते ८० व ७५ टक्क्यांपर्यंत जाते. परंतु ही टक्केवारी शासनाने ठरविलेल्या खर्चमर्यादेवर मोजतात, विक्रेत्याच्या बिलावर नव्हे. समजा, मर्यादेप्रमाणे खर्च १ लाख व बिल सव्वा लाख रुपयांचे झाले. तर लहान शेतकऱ्यास ८० हजार मिळून ४५ हजार स्वतः उभे करावे लागतात. शिवाय अनुदान हाती येते ते संच बसवून तपासणी झाल्यानंतर. तोवरच्या पैशाची तजवीज अर्जापूर्वीच व्हावयास हवी.

पैशाइतकाच पाण्याचा हिशेब महत्त्वाचा. उन्हाळ्यात पिकास दररोज ५ मिलिमीटर पाणी द्यावयाचे, तर एकरी सुमारे २० हजार लिटर लागते. वैशाखात विहीर दिवसाकाठी तेवढेच पाणी देत असेल, तर तीन एकरांचा अर्ज मंजूर होऊनही पीक वाळणारच. अशा वेळी एका एकराचा खरा अर्ज हाच शहाणपणाचा होय.

याकरिता गावपातळीवरील कार्यकर्त्याने संगणकापुढे बसण्याआधी शेतकऱ्यासह बांधावर जावे. क्षेत्र, विहीर व पीक प्रत्यक्ष पाहून ते सातबाऱ्याशी ताडून घ्यावे. नावात किंवा क्षेत्रात तफावत असल्यास ती आधी दुरुस्त करून घ्यावी. पूर्वसंमतीपूर्वी केलेली खरेदी अनुदानास पात्र ठरत नाही, हेही स्पष्ट बजावावे. घाईने कर्ज काढून नळ्या आणणाऱ्याच्या पदरी अनुदान पडत नाही, व्याज मात्र पडते.

किती अर्ज भरले यावर कार्यकर्त्याच्या कामाचे मोल ठरू नये. किती शेतांत पुढच्या उन्हाळ्यातही ठिबक चालू राहिले, यावर ते ठरावे.