सिद्धगडाखालचे मनोरे, युद्धाची उधारी आणि सरकारचं ‘उचंत’ खातं

दरवर्षी २ जानेवारीला मुरबाड-कर्जतकडची माणसं सिद्धगडच्या हुतात्मा स्मारकापाशी जमतात. १९४३ साली याच दिवशी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इथे पोलिसांच्या गोळीबारात शहीद झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडून सरकारच्या नाकी नऊ आणले होते.

पण मनोरेच का? कारण त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या आणि कारखाने चालायचे आणि तिथे युद्धाचा माल तयार व्हायचा. तो माल खरेदी करायचं सरकारचं पुरवठा खातं. ते १९३९ मध्ये उभं राहिलं होतं.

दस्त्याच्या शौर्याची गोष्ट आपण ऐकलेली असते. पण त्या मालाचे पैसे कोणी भरले? याचं उत्तर हिशेबाच्या वहीत आहे.

उचंत खातं म्हणजे काय?

समजा, दुकानदाराने टेम्पोच्या भाड्यासाठी पोऱ्याला ५०० रुपये दिले. पावती अजून यायची आहे. मग वहीत ही रक्कम कुठे लिहायची? ती लिहायची ‘उचंत’ खात्यात. पावती आली की तिथून उचलून खऱ्या खर्चात टाकायची. सरकारी भाषेत यालाच निलंबन लेखा म्हणतात, इंग्रजीत सस्पेन्स अकाउंट.

यात गैर काहीच नाही. अट एकच, रक्कम तिथे मुक्कामाला राहता कामा नये.

सरकारी खरेदीत मात्र ती हमखास राहते. पैसे एक खातं देतं, माल दुसरं घेतं आणि खर्च तिसऱ्याच्या अंदाजपत्रकातून पडतो. मधल्या काळात पोचपावती हरवते, वाटेत माल कमी भरतो, अधिकारी बदलून जातो. रक्कम लटकलेलीच राहते.

सगळ्यात मोठी उधारी

युद्धकाळात हेच देशाच्या पातळीवर झालं. १९३९ च्या करारानुसार भारताबाहेरच्या युद्धासाठीचा बराचसा खर्च ब्रिटन देणार होतं. पण माल आणि रुपये लगेच इथून जायचे आणि त्याबदल्यात लंडनमध्ये भारताच्या नावावर पौंड जमा व्हायचे. त्या पौंडांच्या आधारावर रिझर्व्ह बँक नोटा काढायची. युद्ध संपेपर्यंत चलनातल्या नोटा सहापटीच्या आसपास गेल्या. बाजारात माल कमी आणि नोटा जास्त, त्यामुळे महागाई भडकली. कोतवालांच्या हौतात्म्याला बरोबर चार महिने झाले त्या दिवशी, २ मे १९४३ ला, मुंबईत रेशनिंग सुरू झालं.

हिशेबाच्या व्याख्येत हे पौंड म्हणजे उचंत खातं नव्हतं. स्वभाव मात्र तोच: माल आज गेला, हिशेब नंतर. १९४७ मध्ये ही बाकी सुमारे ११६ कोटी पौंड होती आणि ती एकदम काढायला भारताला परवानगी नव्हती.

मग १९४८ मध्ये तडजोड झाली. ब्रिटिशांनी इथे सोडलेलं लष्करी सामान आणि इमारती यांच्यापोटी भारताने १० कोटी पौंड एकरकमी मान्य केले. एकेक वस्तू मोजत बसण्यापेक्षा ठोक आकडा ठरवला गेला. लटकलेल्या हिशेबाचा शेवट बऱ्याचदा असाच होतो. कागद जितके जुने, तितकी मोजणी अवघड आणि तडजोड सोपी.

ऑडिटर नेमकं काय शोधतो?

पहिलं म्हणजे वय. बाकी किती, यापेक्षा ती किती जुनी आहे हे महत्त्वाचं. तीन महिन्यांची बाकी म्हणजे कामकाज चालू आहे. तीन वर्षांची असेल तर काहीतरी अडकलंय.

दुसरं म्हणजे जोडी. दिलेल्या प्रत्येक रकमेसमोर माल मिळाल्याची किंवा पैसे परत आल्याची नोंद हवी. नुसती बेरीज जुळणं पुरेसं नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी, ती म्हणजे निव्वळ बाकी. समजा, ५ कोटी यायचे आहेत आणि दुसऱ्या कुठल्यातरी व्यवहाराचे ५ कोटी द्यायचे आहेत. वजाबाकी केली की खात्यात शून्य दिसतं. प्रत्यक्षात १० कोटींचे व्यवहार उघडेच असतात. म्हणून दोन्ही बाजू वेगवेगळ्या पाहाव्या लागतात.

चौथं म्हणजे गोदाम. वहीत पोती असतील तर ती जमिनीवरही असायला हवीत.

आज याचं काय?

पुरवठा खात्याचा वारसा पुढे केंद्राच्या पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालयाने चालवला. ते २०१७ मध्ये बंद झालं आणि सरकारी खरेदी ‘जेम’ पोर्टलकडे गेली. निलंबन लेखे मात्र गेले नाहीत. केंद्र आणि राज्यांच्या हिशेबात आजही त्यांचं स्वतंत्र शीर्ष आहे, क्रमांक ८६५८.

आता सिद्धगडाच्या पायथ्याशी परत येऊ. मुरबाड-शहापूरच्या आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळ हमीभावाने भात खरेदी करतं. हे भात गोदामात जातं, मग भरडाईला. १०० किलो भातामागे गिरणीवाल्याने ६७ किलो तांदूळ परत द्यायचा असतो. म्हणजे भात गेलं आणि तांदूळ यायचा आहे, असा मधला काळ इथेही आहेच. तूट किंवा गडबड झाली तर ती याच फटीत लपते. हिशेब अडकला की पुढचे पैसे अडकतात, आणि ज्याने भात आधीच देऊन टाकलंय त्याच्या हातात फक्त पावती उरते.

आपण काय करू शकतो?

कॅगचा राज्याच्या वित्तव्यवस्थेवरचा अहवाल विधिमंडळात मांडला गेला की वेबसाइटवर फुकट मिळतो. त्यात निलंबन लेख्यांचा भाग उघडा आणि दोन्ही बाजूंच्या बाक्या पाहा. मागच्या वर्षीचा अहवाल शेजारी ठेवा. वाढ कुठे झाली ते लगेच कळेल. गावच्या खरेदी केंद्राबद्दल माहिती अधिकारात तीन प्रश्न विचारा: भात किती घेतलं, तांदूळ किती परत आला, आणि बाकी कधीपासून आहे?

यातला तिसरा प्रश्न विसरू नका. आकड्याचं स्पष्टीकरण कोणीही देतं, तारखेचं देताना मात्र फाईल उघडावी लागते.