सर्वेक्षणाला मत हवं असतं, जन्मतारीख नव्हे

ईमेलवर येणाऱ्या सर्वेक्षणांबद्दल आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात. एक, ‘भरून टाक, आपलं काय जातंय?’ आणि दुसरी, ‘आपल्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?’ दोन्ही चुकीच्या आहेत. आणि या बेफिकिरीचा फटका सगळ्यात आधी गरजू घरांना बसतो.

या मेलचा साचा ठरलेला आहे. ‘आपली निवड झाली आहे’ असं सांगत मेल येतो. वर सरकारी खात्याचं, बँकेचं किंवा मोठ्या कंपनीचं बोधचिन्ह असतं. सुरुवातीचे प्रश्न साधे असतात. वय किती, सेवा कशी वाटली, महिन्याचा खर्च किती. मग बक्षीस लागतं आणि ते पाठवायला मोबाइल नंबर, जन्मतारीख, खाते क्रमांक मागितला जातो. शेवटी ओटीपी. एप्रिल 2022 मध्ये भारतीय टपाल खात्याला याबाबत जाहीर इशारा द्यावा लागला होता. खात्याच्या नावाने ईमेल, एसएमएस आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सर्वेक्षणाच्या लिंक फिरत होत्या, त्यात सरकारी अनुदानाचं आमिष होतं. सर्वेक्षणाच्या आधारे आपण कुठलंही अनुदान, बोनस किंवा बक्षीस देत नाही, असं खात्याने तेव्हा स्पष्ट केलं.

मुळात सर्वेक्षण म्हणजे काय, हे समजून घेतलं तर निम्मी फसवणूक टळेल. खऱ्या सर्वेक्षणाला हजारो उत्तरांची बेरीज हवी असते. अमुक उत्तर कोणी दिलं याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. जिथे नाव विचारावंच लागतं, तिथे ते गुप्त ठेवण्याची जबाबदारी विचारणाऱ्यावर असते. जनगणनेचंच पाहा. 1948 च्या जनगणना कायद्यातलं 15 वं कलम सांगतं की, तुम्ही दिलेली वैयक्तिक माहिती कोणाला पाहायला मिळणार नाही आणि पुरावा म्हणूनही वापरता येणार नाही. इतकी हमी सरकारला कायद्याने द्यावी लागते. मग ज्याचा पत्ता नाही, ज्याचं नाव कधी ऐकलं नाही, त्याला आपण कसल्या हमीवर जन्मतारीख देतो?

‘नुसत्या जन्मतारखेने काय होणार?’ असा प्रश्न कोणी विचारेल. एकट्या जन्मतारखेने फार काही होत नाही. पण एका फॉर्ममधून नंबर, दुसऱ्यातून जन्मतारीख, तिसऱ्यातून बँकेचं नाव आणि आईचं नाव गोळा झालं की समोरचा माणूस तुम्हाला फोन करून तुमच्याच बँकेचा अधिकारी असल्यासारखा बोलू शकतो. त्याने तुमचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख बिनचूक सांगितली की तुमचा विश्वास बसतो. मग ओटीपी मागायला त्याला फारसे कष्ट पडत नाहीत.

आता ‘लपवण्यासारखं काय आहे’ हा युक्तिवाद. इथे प्रश्न फक्त तुमचा नसतो. केंब्रिज अ‍ॅनालिटिकाचं प्रकरण आठवा. 2014 च्या सुमारास एका संशोधकाने फेसबुकवर स्वभावचाचणीची प्रश्नावली चालवली. ती भरणारे साधारण 2 लाख 70 हजार लोक होते. पण त्यांच्या मित्रयादीतून माहिती ओढली गेली आणि हा आकडा 8 कोटी 70 लाखांपर्यंत पोहोचला असावा, असं फेसबुकने 2018 मध्ये मान्य केलं. त्यात भारताचा हिशेब असा होता की, ते अ‍ॅप घेणारे अवघे 335 आणि माहिती गेली असण्याची शक्यता असलेले 5 लाख 62 हजारांहून अधिक. या लाखो लोकांना कोणी विचारलंही नव्हतं. फॉर्ममध्ये ‘आणखी पाच जणांचे नंबर द्या’ असं लिहिलेलं असतं तेव्हा आपण हेच करत असतो. दुसऱ्याचा नंबर ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. ती परस्पर वाटून टाकायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आपल्या मोहल्ल्यांत हा प्रश्न आणखी गंभीर आहे, कारण इथे आशा मोठी आणि वाटा कमी आहेत. 2022 मध्ये केंद्राने अल्पसंख्याकांची पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती बंद केली. मौलाना आझाद फेलोशिपही त्याच वर्षी थांबली. अशा घरात ‘अल्पसंख्याक शिक्षण सर्वेक्षण, माहिती भरा, मदत मिळवा’ असा मेल आला तर आई आधी मुलीचं आधार कार्ड शोधेल. तिला भोळी म्हणणं सोपं आहे. पण तिला तो मेल कुठून मिळाला, हेही विचारा. बहुतेक वेळा तो एखाद्या जाणत्या, शिकलेल्या, चार लोकांत मान असलेल्या माणसाने ग्रुपवर टाकलेला असतो. ती त्याच्या शब्दावर विश्वास ठेवते आणि ठगाचं काम फुकटात होतं.

म्हणून माझी तक्रार ठगांइतकीच आपल्या पुढाऱ्यांबद्दल, संस्थांबद्दल आणि ग्रुप चालवणाऱ्यांबद्दल आहे. ‘जैसा मिला, वैसा भेजा’ म्हणून जबाबदारी झटकता येत नाही. आपल्याच काही संस्था रेशन किट किंवा वह्यावाटपासाठी ऑनलाइन फॉर्मवर आधारची प्रत, रेशन कार्ड, मुलींचे फोटो मागतात. ती यादी कोणाकडे राहते, किती जण पाहतात, कधी पुसली जाते, हे कोणी सांगत नाही. अशी सवय लावल्यावर लोकांनी खोटा फॉर्म ओळखावा कसा? 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती कशासाठी हवी हे सांगणं आणि कामापुरतीच माहिती घेणं, हे तत्त्व आहे. ते पाळायला आपल्याला कोणाच्या नोटिशीची वाट पाहायची गरज नाही.

काही साध्या गोष्टी प्रत्येकाला जमतील. मेलमधली लिंक उघडण्याआधी पत्ता वाचा. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता पहिल्या तिरप्या रेघेआधी ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ने संपतो. ही अक्षरं मधेच कुठेतरी घुसवली असतील तर तो पत्ता खोटा समजा. शिष्यवृत्तीची खात्री शाळेत किंवा अधिकृत पोर्टलवर जाऊन करा. अनोळखी मेलमधल्या सर्वेक्षणाने ओटीपी मागितला तर तिथेच थांबा. आणि पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच 1930 वर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

यापुढे कोणी ग्रुपवर फॉर्म टाकला तर त्याला तिथेच, सगळ्यांसमोर विचारा, ‘हे कोण मागतंय, कशासाठी मागतंय आणि तुम्ही खात्री केली का?’ उत्तर नसेल तर तो फॉर्म काढायला लावा. तो माणूस रागावेल. रागावू द्या.