गवताचें पेंव

धान्याचें पेंव भरलें म्हणजे शेतकरी निश्चिंत होतो. आणि पेरणीसाठीं राखलेलें बीं खाऊन टाकणाऱ्यास आपण कोणी शहाणा म्हणत नाहीं. परंतु हाच शेतकरी कुरणाकडे वळला म्हणजे गवतालाहि पेंव असतें ही गोष्ट विसरतो. 'पाऊस पडला कीं गवत उगवतेंच', हा आपला सर्वसाधारण समज. तो किती अपुरा आहे हें पाहावयाचें असल्यास हिमालयांतील उंच कुरणांकडे पाहावें. तेथें वाढीचा हंगाम इतका आंखूड असतो कीं, गवताचा जमाखर्च उघड्या वहीसारखा वाचतां येतो.

गढवालांत या कुरणांस 'बुग्याल' म्हणतात. त्यांपैकीं बेदिनी बुग्याल समुद्रसपाटीपासून सुमारें ११,००० फूट उंचीवर आहे. एप्रिल-मे महिन्यांत तेथील बर्फ वितळूं लागतें, जूनपासून हिरवळ जोरानें वाढते, ऑगस्टमध्यें ती भरास येते आणि सप्टेंबर सरतां सरतां पिवळी पडते. फुटणें, फुलणें व बीं धरणें हें सर्व काम चार-पांच महिन्यांत उरकावें लागतें. एवढ्या अवधींत बियांपासून आरंभ करणें परवडत नाहीं; म्हणून तेथें एकवर्षायु वनस्पति थोड्या, बहुतेक सर्व बहुवर्षायु.

या वनस्पतींची वसंतांतील पहिली पालवी चालू वर्षाच्या कमाईवर फुटत नाहीं. ती गतवर्षीं मुळांत व भूमिगत खोडांत सांठविलेल्या शर्करेवर व पिष्टावर फुटते. मूनी व बिलिंग्ज या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं उंच पर्वतांवरील वनस्पतींचा हा वर्षभराचा जमाखर्च तपासून १९६० सालीं प्रसिद्ध केला. पालवी फुटतांना सांठा झपाट्यानें उतरतो आणि पुढें हंगामांतच तो पुन्हां भरून निघतो, असें त्यांस आढळलें. शरदांत पानें पिवळीं पडतात, तेव्हां त्यांतील नत्र व स्फुरद यांचा बराच भाग वनस्पति परत खालीं ओढून घेते. हिमालयांतहि आढळणाऱ्या बिस्टॉर्टा विविपारा या लहानशा वनस्पतीचें एक पान अंकुररूपानें जन्मल्यापासून पूर्णत्वास येण्यास चार वर्षें लागतात, असें कोलोरॅडोंतील पर्वतावरील अभ्यासांत दिसून आलें आहे. आज ओरबाडलेल्या पानामागें किती वर्षांची पुंजी असते, हें यावरून ध्यानांत येईल.

यावरून चराईचा प्रश्न किती गुरें एवढाच नसून कोणत्या वेळीं, हाहि आहे असें माझें मत आहे. कोंवळी पालवी फुटत असतां पेंव रिकामें होत असतें. त्या वेळीं जनावर घातलें तर खर्च झालेली पुंजी भरून येण्याचें साधनच नाहींसें होतें. बर्फ हटेल तसतसे टप्प्याटप्प्यानें वर चढण्याची आणि थंडीपूर्वीं खालीं उतरण्याची मेंढपाळांची जुनी रीत या दृष्टीनें शहाणपणाची होती. कुटकी व जटामांसी यांच्या भूमिगत भागांसच औषधी किंमत असल्यामुळें लोक तेच खणून काढतात. तेथें तर पेंवच लुटलें जातें. या दोन्ही वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९७ सालीं निर्बंध घालावे लागले.

यावर कोणी म्हणेल, चराई अजिबात बंद करावी. परंतु १९८२ सालीं 'फुलांची दरी' राष्ट्रीय उद्यान होऊन तेथील चराई थांबली, आणि पुढें अमेला नांवाच्या उंच तणानें तेथें मोठी जागा व्यापली. याचें कारण चराईबंदी कीं पूर्वींची अतिचराई, याविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहे. तरी केवळ कुंपण घातल्यानें कुरण सुधारतें असें नाहीं, एवढें निश्चित.

आपल्या पवन्या, मारवेल व शेडा या गवतांची झोंप बर्फाखालची नसून उन्हाळ्यांतली आहे. तथापि नियम तोच. तीं बुडख्यांतील व मुळांतील शिल्लकेवर पहिल्या पावसांत फुटतात. म्हणून मृगाचे पाणी पडतांच गुरें कुरणांत सोडूं नयेत. गवत चांगलें हाताला येऊं द्यावें. कापणी फुलोऱ्याच्या सुमारास करावी म्हणजे वैरण सकस मिळते. मात्र जमिनीलगत खरडून न कापतां बुडखा राखावा, म्हणजे त्यास पुन्हां पानें फुटून शिल्लक भरतां येते. आणि कुरणाचे भाग पाडून दरवर्षीं पाळीपाळीनें एका भागास पूर्ण विसांवा द्यावा.

यांत पैशाचा खर्च नाहीं. खर्च आहे तो धीराचा. गांवच्या गायरानांत हा धीर एकट्यादुकट्यानें धरून भागत नाहीं, कारण एकानें राखलें आणि दुसऱ्यानें चारलें तर राखणारा मूर्ख ठरतो. म्हणून पहिल्या पावसापूर्वींच गांवकऱ्यांनीं एकत्र बसून कुरण उघडण्याचा दिवस ठरवावा व तो सर्वांनीं पाळावा. बियाण्याच्या कणगीला हात न लावण्याचा नियम आपण घरोघर पाळतों. तोच कुरणासहि लावावा, एवढेंच सांगणें आहे.